एका कंटेनरमागे किती सुटतात? मालवाहतुकीतल्या पगाराचा हिशेब

चाकणच्या कारखान्यात भरलेला एक कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या गेटमधून आत जाईपर्यंत त्याला किती जणांचे हात लागतात, ते मोजून बघा. भाव काढून देणारा प्रायसिंगवाला, गिऱ्हाईक आणणारा सेल्सवाला, जहाजावर जागा धरणारी कस्टमर सर्व्हिस, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) तयार करणारी डॉक्युमेंटेशनची मुलगी, कस्टम्समधून फाइल सोडवून आणणारा जी-कार्डवाला, ट्रेलरचा ड्रायव्हर, माल चढवणारी माथाडींची टोळी. कंटेनर एकच, पण महिनाअखेरीला कुणाच्या खात्यात अठरा हजार पडतात आणि कुणाच्या खात्यात सव्वा लाख.

बाहेरून वाटतं की हा फरक डिग्रीने पडतो. थोडा पडतोही. पण या धंद्यात पगार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: कंपनीला एका कंटेनरमागे सुटतात किती, आणि त्यातले किती तुमच्यामुळे सुटतात किंवा तुमच्यामुळे बुडता बुडता वाचतात. त्यामुळे आधी कंपनीचा हिशेब समजून घ्यायला हवा. तो कळला की स्वतःच्या पगाराबद्दल काय बोलायचं ते आपोआप कळतं.

कंपनीला नेमके किती सुटतात

फ्रेट फॉरवर्डरकडे स्वतःचं जहाज नसतं आणि विमानही नसतं. तो शिपिंग लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, जागा घेतो आणि गिऱ्हाइकाला विकतो. घेण्याच्या भावाला बाइंग म्हणतात, विकण्याच्या भावाला सेलिंग. मधलं अंतर म्हणजे त्याची कमाई.

समजा, एका निर्यातदाराचा चाळीस फुटी कंटेनर रॉटरडॅमला जायचा आहे. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतलेत. खरं भाडं दर पंधरवड्याला हलतं.) लाइनने भाव दिला १,०५,००० रुपये, फॉरवर्डरने लावला १,१२,०००. सुटले ७,०००. कस्टम्स क्लिअरिंगचे एजन्सी चार्जेस ३,०००. ट्रेलर दुसऱ्याकडून घेऊन लावला, त्यात १,५००. एकूण ११,५००. याला ऑफिसात जीपी म्हणतात, म्हणजे ग्रॉस प्रॉफिट, आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळी चर्चा याच आकड्याभोवती फिरते.

आता या ११,५०० ला लागणारी गळती बघा. बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेतल्याचा लाइनचा कागद) हातात यायला लाइनचे पैसे आधी भरावे लागतात. गिऱ्हाईक मात्र ४५ दिवसांच्या उधारीवर असतं. भाडं, टर्मिनलचे चार्जेस, वाहतूक असं सगळं धरून बिल १,६०,००० रुपयांचं झालं आणि कंपनी वर्षाला १२ टक्के व्याजाने पैसा वापरत असेल, तर ४५ दिवसांचं व्याज होतं सुमारे २,३६७ रुपये. गिऱ्हाइकाने ४५ चे ९० दिवस केले की ४,७३४. म्हणजे ११,५०० मधले ६,७६६ उरले आणि त्यातूनच ऑफिसचं भाडं, वीज आणि सगळ्यांचे पगार भागवायचे. फॉरवर्डिंग कंपनीत वसुलीचा विषय निघाला की मालकाचा आवाज का चढतो, ते या एका बेरजेत आहे.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आपल्याकडची बरीच निर्यात एफओबी अटीवर होते, म्हणजे माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची आणि पुढचं समुद्री भाडं परदेशातला खरेदीदार भरणार. जो भाडं भरतो तो फॉरवर्डर निवडतो. मग इथल्या ऑफिसकडे येतं ते नॉमिनेशनचं काम: परदेशातल्या एजंटने सांगितलेला माल उचला, कागद करा, जहाजावर चढवा. त्यात दर बिल ऑफ लेडिंगमागे ठरावीक हँडलिंग फी मिळते. याउलट गिऱ्हाईक स्वतः शोधून, भाव स्वतः ठरवून केलेलं काम म्हणजे फ्री हँड. फ्री हँडमध्ये मार्जिन आपल्या हातात असतं आणि पलीकडच्या एजंटबरोबर नफ्याची वाटणी करायची तरी हिस्सा बरा येतो. एकाच पदावर, एकाच अनुभवाची दोन माणसं घ्या. एक नॉमिनेशन डेस्कवर बसलेली, दुसरी फ्री हँडचं काम करणारी. चार वर्षांनी दोघांच्या पगारात अंतर पडलेलं असतं, कारण पहिलीच्या कामातून कंपनीला वाढीव काही मिळवताच येत नाही. नोकरी घेताना कंपनी किती मोठी आहे हे सगळे विचारतात. तिचं काम नॉमिनेशनचं किती आणि फ्री हँडचं किती, हे फार थोडे विचारतात. विचारायला हवं ते हेच.

सेल्स: आकडा मोठा, अटी बारीक

सेल्सच्या माणसाकडून कंपनी साधारणपणे त्याच्या सीटीसीच्या (कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) तिप्पट जीपीची अपेक्षा धरते, काही ठिकाणी पाचपटही. सीटीसी महिना ४५,००० असेल तर टार्गेट १,३५,०००. त्याने महिन्यात १,८०,००० जीपी आणला, तर वरचे ४५,००० मोजायला घेतात. इन्सेन्टिव्ह १० टक्के असेल तर हातात ४,५०० रुपये.

इथे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. जीपी कधी धरतात? काम बुक झाल्यावर, बिल निघाल्यावर की पैसे जमा झाल्यावर? बहुतेक कंपन्या पैसे जमा झाल्यावर धरतात, आणि त्यात चूक काही नाही. पण ९० दिवसांच्या आत पैसे आले नाहीत तर इन्सेन्टिव्ह बाद, अशी अट असेल तर गिऱ्हाइकाला उधारी किती द्यायची हे ठरवण्यात सेल्सवाल्याचा शब्द चालला पाहिजे. उधारी मालक ठरवणार आणि उशिराचा फटका सेल्सवाल्याला बसणार, असं असेल तर तो इन्सेन्टिव्ह कागदावरच राहतो. दुसरी अट तुटीची. मार्चमध्ये टार्गेट हुकलं तर ती तूट एप्रिलमध्ये पुढे ओढतात का? ओढत असतील, तर वर्षातून दोन वाईट महिने उरलेल्या दहा महिन्यांचा इन्सेन्टिव्ह खाऊ शकतात.

या कामाचा पगार झपाट्याने वाढतो कारण गिऱ्हाईक माणसाबरोबर चालतं. दहा-बारा निर्यातदार ज्याच्या फोनवर काम देतात, त्याला दुसरी कंपनी पगार चाळीस-पन्नास टक्के वाढवून उचलते. मात्र तिथे सहा महिन्यांत ती गिऱ्हाइकं आली नाहीत तर नोकरी जाते, हेही तितकंच खरं.

भाव काढणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं

प्रायसिंगच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नाव गिऱ्हाइकाला माहीत नसतं, पण नफा जन्माला येतो तो तिथे. हवाई मालाचं उदाहरण घ्या. विमान कंपनी वजन दोन प्रकारे मोजते: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायचं. जे जास्त येईल त्यावर भाडं. ६० बाय ५० बाय ४० चा खोका म्हणजे १,२०,००० भागिले ६,०००, म्हणजे २० किलो. खोक्यात माल १२ किलोचाच आहे. असे ५० खोके असतील तर काट्यावर ६०० किलो, भाडं मात्र १,००० किलोवर. निर्यातदाराने मेलमध्ये "६०० किलो" एवढंच लिहिलं आणि प्रायसिंगवाल्याने मापं न विचारता एकूण भाव दिला, तर ४०० किलोचं भाडं कंपनीच्या अंगावर. किलोला १८० रुपये धरले तर ७२,००० रुपये. एका मेलमध्ये दोन महिन्यांचा पगार गेला.

समुद्रमार्गे असंच मुदतीचं आहे. लाइन्स बहुधा महिन्याच्या १ तारखेला किंवा १५ तारखेला भाव बदलतात. तुम्ही २८ तारखेला जुना भाव दिला, मुदत लिहायची राहिली, कंटेनर ४ तारखेला गेटवर गेला, तर फरक कुणी भरायचा? म्हणून चांगला प्रायसिंगवाला प्रत्येक भावाखाली मुदत, फ्री डेज (लाइनचा कंटेनर जादा पैसे न भरता ठेवायचे दिवस) आणि कोणते चार्जेस धरले नाहीत ते लिहितोच. पाचेक वर्षं हे काम नीट केलेल्याला मुंबईत साधारणपणे पन्नास ते ऐंशी हजार मिळतात, आणि एखाद्या मार्गावर, उदाहरणार्थ अमेरिका किंवा पूर्व आफ्रिका, पकड असेल तर जास्तही.

बाजार फिरला की या खुर्चीचं मोल वर-खाली होतं. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. कोविडमुळे कंटेनरांचा तुटवडा आधीच होता आणि त्या काळात भाडी कित्येक पटींनी चढली. ज्यांच्या हातात जागा होती त्यांना मार्जिन भरपूर सुटलं आणि बोनसही तसेच झाले. पुढे भाडी उतरली तशी इन्सेन्टिव्हची रक्कमही उतरली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. अशा वेळी भाडं चढलं म्हणून कंपनी श्रीमंत झाली असं समजू नका. भाडं दुप्पट झालं की उधारीत अडकणारा पैसाही दुप्पट होतो. तेजीच्या वर्षातला एकूण पगार हा कायमचा पगार धरून घराचा हप्ता ठरवणाऱ्यांची नंतर फार ओढाताण होते. मूळ पगार किती, एवढंच धरा.

कागदावरची चूक आणि तिची किंमत

डॉक्युमेंटेशनमध्ये नवख्याला मुंबई-नवी मुंबईत साधारणपणे पंधरा ते वीस हजारांवर घेतात. काम डेटा भरण्याचं वाटतं म्हणून पगार कमी. पण इथल्या चुका बघा.

आयातीचा कंटेनर येतोय. बिल ऑफ एंट्री (आयातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायला हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि चौथ्या दिवसापासून रोज १०,०००. इनव्हॉइसमध्ये गोंधळ होता, चेकलिस्टवर गिऱ्हाइकाचं "ओके" यायला वेळ लागला आणि पाच दिवस गेले, तर १५,००० अधिक २०,००० म्हणजे ३५,००० रुपये. उशिराचं कारण पटलं तर अधिकारी हे माफ करू शकतो, पण तो अर्ज लिहिणारं माणूस ऑफिसात असायला हवं. शिवाय लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचं भाडं) आणि सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाचं, ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) वेगळं चालू. या फाइलवर कंपनीला मिळणार होते ३,००० रुपये एजन्सी.

निर्यातीत चूक दिसायला लहान असते आणि उघडकीला उशिरा येते. रोडटेपचा (निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या सरकारी योजनेचा) लाभ घ्यायचा तर शिपिंग बिलात तसं जाहीर करावं लागतं. "वाय" च्या जागी "एन" गेला की निर्यातदाराचा लाभ अडकला, आणि माल गेल्यावर ती दुरुस्ती करून घेणं महाकठीण. आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा) परतावा अडला की सिस्टिम कोड देते. एसबी००३ म्हणजे जीएसटी क्रमांक जुळत नाही, एसबी००५ म्हणजे इनव्हॉइस क्रमांक रिटर्नशी जुळत नाही, एसबी००२ म्हणजे ईजीएम (माल जहाजावरून गेल्याची कस्टम्सकडची यादी) भरलेलं नाही. एसबी००५ मागे बहुतेक वेळा कारण साधं असतं: जीएसटी रिटर्नमध्ये एक इनव्हॉइस नंबर आणि शिपिंग बिलात दुसराच, किंवा मधली तिरकी रेघ राहिलेली. पण त्यापायी निर्यातदाराचे लाखो रुपये महिनोन्‌महिने अडकतात.

आता दोन मुली एकाच टेबलावर बसल्यात असं धरा. दोघींना चार वर्षांचा अनुभव. एक दिवसाला बारा शिपिंग बिलं भरते. दुसरी आठच भरते, पण कोड बघून कारण सांगते, दुरुस्ती कुणाकडून आणि कोणत्या कागदांवर होईल ते तिला ठाऊक आहे, आणि निर्यातदाराचा अकाउंटंट थेट तिला फोन करतो. पहिली पंचवीस हजारांवर राहते, दुसरी पस्तीस-चाळीसवर जाते. या धंद्यात वेगाला पैसे मिळतात, पण अडलेलं सोडवण्याला जास्त मिळतात. ज्यांनी डॉक्युमेंटेशनमध्ये सुरुवात केली आहे त्यांनी रोजच्या कामातून अर्धा तास काढून परतावा, ड्रॉबॅक (निर्यात मालातल्या शुल्काची परतफेड) आणि दुरुस्तीच्या फाइली बघायला मागाव्यात.

कार्डांची उतरंड

कस्टम्सचं काम करायला परवाना लागतो. सगळे अजूनही सीएचए म्हणतात, पण २०१८ च्या नियमांत नाव आहे कस्टम्स ब्रोकर. त्याच्याकडे काम करणाऱ्यांची तीन कार्डं असतात. एच-कार्डवाला कस्टम्समध्ये जाऊन मदत करू शकतो, सही करू शकत नाही. जी-कार्डवाल्याने कस्टम्सची परीक्षा दिलेली असते आणि तो ब्रोकरच्या वतीने कागदांवर सही करू शकतो. एफ-कार्ड म्हणजे परवान्याची मुख्य परीक्षा पास झालेला. ती परीक्षा नासिन ही केंद्राची संस्था घेते, आधी लेखी आणि मग तोंडी. पदवीधर जी-कार्डवाल्याला दोन वर्षांच्या अनुभवावर त्या परीक्षेला बसता येतं. एमबीए, एलएलबी, सीए अशी पदवी असलेल्यांनाही बसता येतं.

कंपनीचा परवाना एफ-कार्डवाल्याच्या नावावर टिकून असतो, म्हणून त्याचा पगार घासाघीस करून ठरत नाही. एफ-कार्ड झालेल्या माणसापुढे नोकरी, भागीदारी आणि स्वतःचा परवाना असे तिन्ही रस्ते खुले होतात. उरण-पनवेल पट्ट्यातल्या कितीतरी मुलांनी एच-कार्डवर फिल्डमध्ये सुरुवात केलेली असते. त्यांना कळकळीने सांगायचं ते एवढंच की पदवी अर्धवट सोडू नका. बंदरावरची धावपळ कितीही पाठ झाली तरी पदवीशिवाय वरची परीक्षा देता येत नाही, आणि पस्तिशीत पुन्हा कॉलेजचे फॉर्म भरणं जड जातं.

फिल्डच्या कामाचं स्वरूपही बदललंय. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलं. न्हावा शेवाची बिल ऑफ एंट्री आता दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासतो. त्याच्या टेबलासमोर उभं राहून समजावण्याची सोय उरली नाही. क्वेरी स्क्रीनवर येते आणि उत्तर लेखी द्यायचं असतं: मालाचं वर्गीकरण याच शीर्षात का, किंमत बरोबर कशी, सोबत कॅटलॉगचं कोणतं पान. त्यामुळे दारोदार फिरणाऱ्याची गरज घटली आणि चार ओळींत नेमकं उत्तर लिहिणाऱ्याची वाढली. ज्याला कस्टम्स टॅरिफ (मालाच्या वर्गीकरणाचं आणि शुल्काचं पुस्तक) उघडून प्रकरणाच्या टिपा वाचता येतात, तो आज साध्या जी-कार्डवाल्यापेक्षा बराच पुढे आहे.

माल कोणता हाताळता?

कोरड्या मालाचे कंटेनर कुणीही करतो, म्हणून त्यात भाव पडलेले. जिथे चूक महाग असते तिथे मार्जिन टिकतं आणि पगारही.

रीफर, म्हणजे थंड कंटेनर, घ्या. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. तापमान शून्याच्या आसपास, व्हेंटची (हवा खेळण्याच्या झडपेची) सेटिंग, फायटो सर्टिफिकेट (मालावर कीड-रोग नसल्याचा दाखला), बंदरात प्लग मिळेपर्यंत जेनसेट (वीज देणारा जनरेटर). गोठवलेल्या मालात उणे १८ ऐवजी अधिक १८ टाइप झालं तर अख्खा कंटेनर टाकून द्यावा लागतो. हंगामात रात्री दोनला फोन येतात आणि ते काम करणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त मिळायलाच हवं.

रसायनं म्हणजे धोकादायक माल, एक ते नऊ वर्गांत वाटलेला. हवाई वाहतुकीत त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं आणि ते दर २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. सर्टिफिकेटची तारीख उलटलेला माणूस त्या मालाच्या कागदांवर सही करू शकत नाही. नोकरी बदलताना ही तारीख पुढची ठेवा, कारण नव्या कंपनीला तुम्ही पहिल्या दिवसापासून कामाला हवे असता. औषधं, पवनचक्क्यांची पाती, मोठी यंत्रं यांचंही असंच. मात्र प्रोजेक्ट कार्गोत, म्हणजे अशा अवजड मालात, काम तुकड्यातुकड्यांनी येतं. एक मोठं काम संपलं की सहा महिने शांत जाऊ शकतात.

चाकावर आणि पाठीवर

ट्रेलर ड्रायव्हरची कमाई बहुधा फेरीवर असते: थोडा मूळ पगार आणि दर फेरीला भत्ता. म्हणून त्याचा पगार त्याच्या कौशल्याइतकाच बंदराच्या रांगेवर ठरतो. फेरीला १,२०० भत्ता धरला आणि महिन्यात चौदा फेऱ्या झाल्या तर १६,८००. गेटवर, सीएफएसमध्ये आणि कारखान्याच्या दाराशी थांबून थांबून दहाच झाल्या तर १२,०००. तास तेवढेच गेले, गाडीतली झोप तेवढीच मोडली. गाडी अडकल्याबद्दल ट्रान्स्पोर्टर गिऱ्हाइकाला हॉल्टिंग लावतो, पण ते ड्रायव्हरपर्यंत पोचेलच असं नाही. ते पोचलं पाहिजे. थांबण्याचा खर्च जो सोसतो त्यालाच थांबण्याचा मोबदला न मिळणं हा या धंद्यातला उघड अन्याय आहे. ट्रान्स्पोर्टरने हॉल्टिंगमधला ड्रायव्हरचा वाटा आधी ठरवून सांगितला तर चांगले ड्रायव्हर टिकतात, हा व्यवहारही आहे.

माल चढवणाऱ्यांबाबत महाराष्ट्राने वेगळी वाट काढली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालक हमालाच्या हातात रोख देत नाही. टोळीच्या कामाचे पैसे आणि त्यावरची लेव्ही (मजुरीवर लावलेली जादा रक्कम) माथाडी मंडळात भरायची, मंडळ ती मजुरी कामगाराच्या खात्यात जमा करतं. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे काम करणाऱ्याला कायम नोकरीसारखं छत्र मिळालं ते यामुळे. मात्र नोंदणी नसलेल्या गोदामात, ठेकेदाराच्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. तेच पोतं, तोच टेम्पो, पण म्हातारपणासाठी मागे शून्य.

ऑफर लेटर वाचताना

महिना ३०,००० सीटीसी लिहिलंय. बेसिक १५,०००. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२१ धरली असेल तर ग्रॉस उरला २७,४७९. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात २५,४७९. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी (सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, तुमच्याकडून पाऊण टक्का कापतात आणि घरच्यांच्या औषधपाण्याची सोय होते.

यापुढचा प्रश्न फिल्डवाल्यांसाठी. उरण, द्रोणागिरी, पनवेल, कधी सहारचं विमानतळ असं फिरायचं तर पेट्रोल वेगळं की पगारातच? रोज साठ किलोमीटर दुचाकी आणि महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर सुमारे ३३ लिटर पेट्रोल. १०५ रुपयांनी साधारण ३,५०० होतात. हे वेगळं मिळत नसेल तर तुमचा पगार तेवढ्याने कमी आहे. शनिवारी कटऑफ (बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ) असतो, तेव्हा रविवारचं काय? चुकीमुळे बसलेला दंड पगारातून कापतात का? हे लेखी मागा. आणि पीएफ भरतात का ते बोलण्यावर न सोडता तीन महिन्यांनी पासबुकात बघा. ठेकेदारामार्फत सीएफएसमध्ये लागलेल्यांनी तर नक्कीच.

पगारवाढ मागताना "पाच वर्षं झाली" याला वजन नसतं. "माझ्याकडे महिना १४० फाइली आहेत, गेल्या वर्षात उशिराचा दंड एकाही फाइलवर बसला नाही, अडलेले अकरा परतावे सोडवले" याला असतं. त्यासाठी स्वतःची एक एक्सेल शीट पहिल्या महिन्यापासून ठेवा: तारीख, अडचण कोणती, किती रुपये वाचले.

दुबईला जायचं असेल तर

फॉरवर्डिंगमधली बरीच मराठी मंडळी दुबईच्या जेबेल अली बंदराच्या आसपास काम करतात. पगारावर आयकर नाही हे खरं, पण घरभाडं पगाराचा मोठा घास घेतं. सेल्ससाठी तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर भाव लगेच वाढतो, कारण गिऱ्हाइकं जेबेल अली, शारजा, अबू धाबी अशी पसरलेली असतात. ऑफर बघताना एकूण दिरहमपेक्षा बेसिक किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. एकूण पगार ६,००० दिरहम, त्यात बेसिक २,५०० आणि तुम्ही चार वर्षं राहिलात, तर २,५०० भागिले ३०, गुणिले २१, गुणिले ४, म्हणजे ७,००० दिरहम. एकूण पगार तोच, पण बेसिक ३,६०० लिहून घेतलं असतं तर १०,०८०. सही करण्याआधी एक आकडा बदलून मागायचा, आणि तो मागितला तर बऱ्याच वेळा मिळतोही.